आण्णांचं मत दिलं कुणी?

१

आण्णांचा पलंग रिकामा हुता.

चादर निम्मी खाली लोंबत हुती, उशीला डोक्याचा खड्डा तसाच, काठी भिंतीला टेकलेली आन् परसाचं दार सताड उघडं. ज्या माणसाचं उजवं अंग गेलंय, ज्याला न्हाणीत न्यायला दोघं लागत्यात, तो माणूस पहाटे उठून चालत गेला म्हणं.

"चालत?" क्षमा ओरडली. "कमलाक्का, मला काय येडी समजलासा काय?"

कमलाक्का शेजारची. आण्णांचं जेवणखाण तीच बघायची. तोंडाला पदर लावून ती उंबऱ्यावर बसली हुती. "मला काय ठावं गं पोरी? सकाळी च्या घेऊन आलो, तर ह्ये आसं."

क्षमा अठरा वर्सांची. दहावीतनंच शाळेला रामराम ठोकलेली, सांगलीत मोबाईलच्या दुकानात बसणारी. बाप गेल्यावर ती निपाणीत ह्याच घरात वाढली. आण्णासाहेब तिचा चुलता. त्येंनीच तिला खांद्यावर बसवून तंबाखूचा बाजार दाखवला हुता. मग आई तिला सांगलीला घेऊन गेली, आन् हिकडची वाट तुटली ती तुटलीच.

आन् परवा अचानक त्येंचा फोन आला. आण्णांची जीभ जड, शब्द घसरत हुते. "क्षमा... भ्या वाटतंय बाई. ये." एवढंच बोलले. मग फोन बंद पडला तो बंदच. दुकानदार सुट्टी देईना. शेवटी त्याच्याशी भांडून, चपला हातात घिऊनच ती निघाली.

गाव वळखू येत न्हवतं. नाक्यावर पोलिसांनी बस अडवून पिशवी न् पिशवी उपसली. एका म्हातारीचा लाडवाचा डबासुद्धा उघडायला लावला, आन् एकजण मोबाईलवर समद्याचा व्हिडिओ काढत हुता. पुढं चौकाचौकात झेंडे, एका फलकावर कन्नड, दुसऱ्यावर मराठी. भोंग्याच्या रिक्षा एकमेकीच्या अंगावर वरडत चाललेल्या. वळखीची माणसं तिला बघून हसायच्या ऐवजी मान वळवत हुती.

"आक्का, ह्या गोळ्या हितंच?" क्षमाचं लक्ष फळीवर गेलं.

कमलाक्काचा चेहरा पांढरा पडला. "रक्त पातळ ठेवायच्या हायत त्या. डॉक्टर म्हणलेत, चुकल्या तर दुसरा झटका येतोय. आन् दुसरा आला तर माणूस हाताला लागायचा न्हाई."

२

श्रेयांस गाडी न लावताच आत आला. थोरल्या चुलत्याचा पोरगा, क्षमाला धा वर्सांनी मोठा.

"पोलिसात सांगून आलोय. हवालदार म्हणतोय, समदी माणसं सभेच्या बंदोबस्ताला, उद्या बघू."

"उद्या? दादा, गोळ्या फळीवर हायत!"

"मग मी काय करू? माझ्यावर कशाला डोळे काढतीस?"

कमलाक्कानं क्षमाचा हात दाबला आन् कानात पुटपुटली. श्रेयांसला आण्णांच्या गोडावनाच्या जागी लॉज बांधायचा हुता. आठ-धा दिवसांमागं दोघांचं कडाक्याचं भांडण झालतं. "तुम्ही मरायची वाट बघत बसू काय," आसं तो समद्या गल्लीला ऐकू जाईल आसं वरडला हुता. काल रातीला तो घरी एकलाच. बायको माहेरी.

तेवढ्यात दारात पांढरा शर्ट चमकला. नागेंद्र. आण्णांचं गोडावन भाड्यानं घेतलेला, भोंग्याच्या गाड्या फिरवणारा, खिशाला उमेदवाराचा बिल्ला. क्षमा लहानपणी त्याला मामा म्हणायची.

"किती मोठी झालीस गं पोरी!" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी काल सांजपासनं बेळगावात. सभेला. हजार माणसांनी बघितलंय मला. सकाळी आलो तर ही बातमी. काल दुपारी तर आण्णांनी मत दिलं."

"मत? मतदान तर परवा हाय."

"आगं, ज्येंना चालता येत न्हाई त्येंच्याकडं निवडणुकीची माणसं घरी येत्यात. ह्याच पलंगावर मत घेतलं, व्हिडिओ काढला, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावली. मी भाईर दारात हुतो. मत गुपित, आत कुणाला सोडत न्हाईत. म्हंजे कालपतोर माणूस हितंच हुता. जे झालं ते राती झालं." आन् त्यानं हळूच श्रेयांसकडं बघितलं.

श्रेयांसनं दात खाल्ले.

क्षमानं कमलाक्काला विचारलं, "तू कुठं हुतीस?"

"चिकोडीला. भाचीचा साखरपुडा. परवा सकाळी गेलो, काल दिवे लागल्यावर आलो. नागेंद्रनं भावकूला सोबतीला ठेवलंतं. दारातनंच बघितलं मी, डोक्यावरनं पांघरूण हुतं. भावकू म्हणला, उठवू नगासा, दमल्यात."

भावकू गोडावनाचा राखणदार. खानापूरकडचा, म्हातारा, आण्णांच्याच वयाचा. वैशाखाच्या कडक उन्हात अंगावर घोंगडं घिऊन तो परसात बसला हुता.

"आजा, आण्णा काल जेवले?"

"जेवले की. भाकरी खाल्ली, तांब्याभर पाणी पिले, निजले." भावकू जमिनीकडं बघूनच बोलत हुता. "सकाळी बघतोय तर न्हाईत."

"आन् शाईवाली माणसं आली तवा तू कुठं?"

"हितंच. परसात." त्यानं उजव्या हातानं कमरेची चंची काढली. बघितली. आन् तंबाखू न मळताच परत खोवली.

"घोंगडं कशाला घेतलंस रं एवढ्या उन्हात?"

"थंडी वाजतीया," म्हातारा म्हणला. त्याच्या कानशिलावरनं घामाचा ओघळ उतरत हुता.

३

नागेंद्रनं तिला आपल्या मोटारीत घातलं. सरकारी दवाखाना, एसटी स्टँड, जैनांचं देऊळ बस्ती, सगळीकडं हिंडवलं. आण्णांचा फोटो दाखवून तोच लोकांना विचारायचा, कळवळून. क्षमाला वाटलं, ह्या गावात एवढा एकच माणूस आपला उरलाय.

आज सांजंला प्रचार बंद. भोंगे बंद. गावातली माणसं घड्याळाकडं बघून जास्तच वरडत हुती. दुपारी ती घरी परतली तवा घसा कोरडा पडला हुता. सवयीनं ती माजघराच्या मागं, पाण्याच्या घागरीकडं गेली.

घागर कोरडी ठणठणीत.

घागरीच्या वरच दोरीवर गाळायचं फडकं वाळत घातलेलं. जैनाच्या घरात पाणी गाळल्याबिगर कुणी पीत न्हाई, आन् आण्णा तर त्या बाबतीत लई कडक. लहानपणी फडक्याचं एक टोक क्षमानं धरायचं, दुसरं आण्णांनी. रोज सकाळी न चुकता. दवाखान्यात पडले हुते तवासुद्धा फडकं घरनं मागवून घेतलेलं. नर्स हसली, तरी ऐकलं न्हाई.

क्षमानं फडक्याला हात लावला. पापडावानी कडक. दोरीवरची घडी हलवली तरी तशीच राहिली.

"कमलाक्का!" ती वरडली. "हे फडकं शेवटचं कवा भिजलं?"

"परवा. जायच्या आधी मीच पाणी गाळून ठेवलं, धुवून, उडू नये म्हणून गाठ मारून वाळत घातलं. माझी गाठ अजून तशीच हाय की. का गं?"

"आल्यावर?"

"आल्यावर कुठं? काल लगेच घरी गेलो, आन् सकाळपासनं हा घोळ."

आण्णांचा नेमच हुता, गाळलेलं पाणी त्याच दिवशी वापरायचं; दुसऱ्या दिवशी परत गाळायचं. काल कुणी गाळलंच न्हाई. मग भावकूनं तांब्याभर पाणी पाजलं ते कसलं? बिनगाळलेलं आण्णांनी जीव गेला तरी घेतलं नसतं, आन् पांगळा माणूस उठून दुसरीकडं पाणी प्यायला जात न्हाई.

काल दिवसभर आण्णा ह्या घरात नव्हतेच.

मग काल दुपारी ह्या पलंगावर पडून मत दिलं कुणी?

४

तिला कुणावर भरवसा ठेवावा कळंना. शेवटी तिनं श्रेयांसला गचांडी धरूनच आत ओढलं.

"आण्णांना कुठं ठेवलंस सांग!"

"हात काढ आधी!" श्रेयांस भडकला. "भांडलो म्हणून काय झालं? मला लॉज बांधायचाय, चुलत्याची समाधी न्हाई. त्येंनी मला सायकल शिकवली हाय, तुला काय म्हाईत!"

त्याचे डोळे भरले हुते. क्षमाचा हात आपसूक सुटला. आन् मग डोकं चालायला लागलं.

"ऐक दादा. समदी म्हणत्यात काल रातीला झालं. रातीला तू एकला, म्हणून बोट तुझ्याकडं. पण आण्णा परवापासनंच न्हाईत. म्हंजे कालच्या रातीच्या साक्षीला काय किंमत? तू कुठं हुतास ह्याला न्हाई, आन् कोण बेळगावात हुता त्यालाबी न्हाई."

श्रेयांसचं तोंड उघडं राहिलं. "नागेंद्र?"

"थांब. आधी पलंगावरचा माणूस शोधू. मतदान व्हायचंय. आज गावात शाईचं बोट कुणाचं असंल? घरात मत दिलेल्या म्हाताऱ्या न् आजाऱ्या माणसांचंच. म्हंजे जो धडधाकट माणूस डावा हात लपवतोय..."

दोघांनी एकदमच परसाकडं बघितलं. तंबाखू मळायला दोन हात लागत्यात.

भावकू परसात नव्हता. न्हाणीतल्या हौदापाशी पाठमोरा वाकला हुता, घोंगडं बाजूला पडलेलं. चुना घिऊन डाव्या हाताचं बोट तो चोळत हुता, कातडं निघंस्तोवर. नखावरनं खाली काळीजांभळी रेघ तशीच.

"जात न्हाई गं," त्यानं वर बघितलं. "लई चोळलं. जात न्हाई."

"का केलंस रं आजा?"

"नागेंद्रमालक म्हणले, आण्णांना कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलंय, मत वाया जाईल. तू नुसतं मफलर गुंडाळून पडून ऱ्हा, बोलायचं न्हाई, लकवा झालेला माणूस बोलतोय कुठं? सायब लोक परगावचे, वळखत न्हाईत. मग रातीला उशा घालून पांघरूण घाल, आन् पहाटे परसाचं दार उघडं टाकून जा. कुणाला सांगितलंस तर तूच आत जाशील म्हणले." म्हातारा रडायला लागला. "आता परवा माझं सोताचं मत कसं देऊ मी?"

"आण्णा कुठं हायत?"

"म्हणलं की, कोल्हापुरात."

"खोटं!" क्षमा म्हणली. "नाक्यावर लाडवाचा डबा सोडत न्हाईत, व्हिडिओ काढत्यात. पांगळा माणूस मोटारीत घालून कोण पार जाईल? चारी वाटांना नाकी हायत. आण्णा निपाणीतच हायत, दादा."

भाईर हॉर्न वाजला. लांबलचक.

५

"क्षमा! ए क्षमा! चल लवकर!" नागेंद्र पुढच्या दारातनं हसत आत आला. "देव पावला बघ. लोंढ्याच्या स्टेशनात एक म्हातारा सापडलाय. लकवा झालेला. आण्णाच असणार. आत्ता निघालो तर उजेडात पोचू."

लोंढा. जंगलातली वाट. ह्या माणसाच्या मोटारीत, एकटी.

नागेंद्रची नजर तिच्यावरनं भावकूवर गेली. हसू तसंच, डोळे तेवढे बदलले. "हात का ओला रं तुझा भावकू?"

"न्... न्हाणीत गेलतो मालक."

"आसं? बरं झालं. स्वच्छता चांगली असतीया."

क्षमाचे कान भाईर लागले. भोंग्याच्या गाड्या येत हुत्या, जात हुत्या, आवाज वाढायचा, मग विरायचा. पण एक आवाज सकाळपासनं हलला नव्हता. तेच गाणं, तीच घोषणा, त्याच बाजूनं. जुन्या गोडावनांच्या बोळातनं, जिथं आण्णांचं गोडावन हुतं. त्या बोळात घरं न्हाईत. नुसत्या कुलपं लावलेल्या वखारी.

मग तिथं ती गाडी दिवसभर कुणाला मत मागतीया?

आन् तिला उत्तर सुचलं. ती गाडी मत मागायला उभी न्हाई. कुणाचं तरी वरडणं झाकायला उभी हाय. आन् आज सांजंला प्रचार संपला की भोंगा बंद करावाच लागंल. मग त्या माणसाला गप्प कसं करणार?

"येतो मामा," ती कशीबशी म्हणली. "पाकीट घिऊन येतो. दादा, मामांना च्या तरी दे."

श्रेयांसनं तिच्याकडं बघितलं आन् वळखलं. पुढं होऊन नागेंद्रच्या खांद्यावर हात टाकला. "बसा की. लोंढ्यातनं फोन कुणाचा आलता म्हणलासा?"

क्षमा परसाच्या दारातनं पळाली.

लहानपणी डोळे मिटून ती ह्या गल्ल्यातनं पळायची. आता कुंभाराच्या वळणाला वाटच न्हाई, तिथं तीन मजली इमारत. ती मागं फिरली, दुसऱ्या बोळात शिरली, तोबी बंद. मागनं मोटारीचा आवाज आला. नागेंद्रची का दुसऱ्या कुणाची, वळून बघायचं धाडस हुईना. भिंतीला खेटून एक फट दिसली, तिच्यातनं अंग चोरून ती भाईर पडली. आन् कानठळ्या बसल्या.

बोळाच्या तोंडाशी गाडी. टपावर दोन भोंगे, दोन्ही आण्णांच्या गोडावनाकडं तोंड करून.

६

गाडीतला दांडगट पोरगा खाली उतरला. "कोण गं तू? चल, चल, हितं उभं ऱ्हायचं न्हाई."

क्षमानं खाली वाकून दगड उचलला आन् गाडीच्या मागच्या बॅटरीवर जीव खाऊन घातला. एक ठिणगी उडाली. भोंगा कुंईकुंई करून मेला.

बोळ एकदम शांत झाला.

आन् आतनं आवाज आला. तंबाखूच्या भुकटीनं लागतो तसला ठसका, कोरडा, दमलेला. मग दारावर थप. थांबून आणखी एक थप. डाव्या हाताची, हळू.

"आण्णा!" ती दाराला भिडली. भलंथोरलं कुलूप.

पोरग्यानं तिची वेणी धरून मागं खेचली. त्याच वेळी बोळात मोटार शिरली आन् नागेंद्र उतरला. आता तो हसत नव्हता.

"लई शानी झालीस गं तू," तो हळू आवाजात म्हणला. "आत घाल रं हिलाबी."

तेवढ्यात हमरस्त्यावरनं ढोल वाजत आला. दुसऱ्या उमेदवाराची शेवटची फेरी, पुढं बायका, मागं बायका, आन् बाजूनं निवडणुकीच्या पथकाचा कॅमेरावाला. प्रत्येक फेरीमागं तो असतोच, क्षमानं सकाळपासनं बघितलेलं. तिनं पोरग्याच्या मनगटाला कडाडून चावा घेतला, सुटली, आन् बोळाच्या तोंडाशी जाऊन सरळ कॅमेऱ्याच्या पुढं उभी राहिली.

"ह्या गोडावनात माझा चुलता कोंडलाय!" ती घसा फाटंस्तोवर वरडली. "आण्णासाहेब! लकवा झालेला माणूस! चावी ह्या माणसाकडं हाय, ह्या! घ्या ह्याचा फोटो!"

ढोल थांबला. कॅमेरा वळला. कन्नडमधनं कुणीतरी "एनु? एनायतु?" म्हणून काय झालं ते विचारलं. मराठीतनं कुणीतरी सांगितलं. बायकांनी बोळ भरला. नागेंद्र मोटारीकडं वळला, तर मोटारीच्या बॉनेटवर श्रेयांस बसलेला, ओठ फुटलेला, शर्ट फाटलेला. शेजारी भावकू. शाईचं बोट वर करून तो समद्यांना दाखवत हुता. आता लपवत नव्हता.

कुलूप पहारीनं तोडलं. आत छतापतोर कुकरची खोकी, प्रत्येकावर उमेदवाराचा हसरा फोटो. मतं मिळवायला वाटायचे कुकर. मागनं कळलं, मागच्या आठवड्यात आण्णा चाकाच्या खुर्चीतनं आपलं गोडावन बघायला गेलते. त्येंनी खोकी बघितली आन् नागेंद्रला तोंडावर सांगितलं, मी तक्रार करणार. खोक्यांच्या मागं, तंबाखूच्या रिकाम्या पोत्यांवर, आण्णा पडले हुते. अंगावर भुकटीचा थर. डोळे उघडे.

"गोळी," क्षमा पुटपुटली. "दादा, गोळी. त्येंची गोळी."

श्रेयांसनं आण्णांना पाठीवर घेतलं आन् तसाच पळत सुटला.

७

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणल्या, रातभर बघू, मग सांगू. आण्णांचा डावा हात क्षमाच्या हातात हुता. थंड, पण धरून ठेवणारा.

मग भाईर व्हरांड्यात क्षमाला समोर घिऊन महिला पोलीस अधिकारी जबाब घ्यायला बसल्या. त्येंच्या पाठीमागं, खांबाला टेकून, नागेंद्रच्या पक्षाचा एक माणूस उभा. हातात सफरचंदांची पिशवी. क्षमाची नजर वळली तसा तो गोड हसला.

"ताई, पोरीची जात हाय तुझी. मतदान झालं की पोलीस जातील, कॅमेरे जातील. तू सांगलीला जाशील, पण म्हातारा हितंच ऱ्हाणार हाय. इचार कर."

पोलीस बाईंनी मान वर केली. "एय, ये कौन है? चल, गेटच्या भाईर." तो निघाला, पण पिशवी बाकड्यावर ठेवूनच.

दिवसभर ती पळत हुती, भीती मागं पडली हुती. आता ती भीती येऊन शेजारी बसली हुती.

"नाव?"

"क्षमा."

"वय?"

"अठरा."

बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "पत्ता? सांगलीचा सांग पूर्ण. नंतर बोलवायला लागतंय. लांब जाणार असशील तर तसं लिहितो."

आत आण्णांना ठसका लागला. श्रेयांस त्येंची पाठ चोळत हुता. गेटापाशी तो माणूस अजून उभा हुता, फोन कानाला लावून, हिकडंच बघत.

गेटापतोर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं क्षमानं आण्णांच्या घराचा पत्ता सांगितला, गल्लीच्या नावासकट.